चमन आणि गांधी : जालन्यातील एका चौकाचे नाव

जालन्यात उतरलेल्या परक्या माणसाला रिक्षावाल्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : जुना जालना की नवा जालना? उत्तर ‘जुना’ असे आले, तर पुढचा शब्द पुष्कळदा ‘गांधी चमन’ हा असतो. शासकीय स्त्री रुग्णालय तेथेच असल्यामुळे शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या असंख्य माणसांचा या जगाशी पहिला परिचय याच चौकाच्या परिसरात झालेला आहे. धरणे, उपोषणे आणि रास्ता रोको यांच्या बातम्यांतही हे नाव पुन्हा पुन्हा येते. इतके वापरात असलेले नाव सहसा कोणी उघडून पाहत नाही. रोजच्या चलनातले नाणे कोणत्या टांकसाळीतून निघाले, याची चौकशी तरी कोण करतो?

या नावात दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांना अपरिचित असल्यासारखे वाटतात. ‘गांधी’ हे गुजराती आडनाव आहे. ‘गंध’ या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते असून सुगंधी द्रव्ये व किराणा विकणाऱ्याच्या व्यवसायावरून ते पडले. ‘चमन’ हा फारसी शब्द; त्याचा अर्थ हिरवळ, फुलबाग. फारसी आणि उर्दू काव्यात चमन आले की मागोमाग बुलबुल आणि वसंत येणार हे ठरलेलेच. ‘चौक’ हा तिसरा शब्द मराठी माणूस वरून जोडतो आणि ‘गांधी चमन चौक’ म्हणून मोकळा होतो. म्हणजे बाग, तिच्या अलीकडे महात्मा आणि पलीकडे चार रस्ते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘चमन’ हा शब्द हिंदी चित्रपटातल्या गाण्यातला वाटेल. मराठवाड्यात तो पत्त्यात येतो. छत्रपती संभाजीनगरातील शहागंज चमन हे त्याचे दुसरे ठळक उदाहरण. बाजाराच्या मधोमध, रस्ते जेथे एकत्र येतात तेथे, कठड्यात बंदिस्त केलेला हिरवा तुकडा म्हणजे चमन, अशी या शब्दाची स्थानिक व्याख्या करता येईल. उद्यान त्याहून मोठे असते आणि बाग घरचीही असू शकते. (‘बाग’ हा शब्दही फारसीच आहे. तो इतका मुरला आहे की त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.) हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यकारभाराची भाषा फारसीवरून उर्दूवर आली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले. या राज्यात मराठी बोलणारी प्रजा मोठी होती. पण कचेरी, न्यायालय आणि नगररचना यांचे शब्द उर्दूतून येत. ‘चमन’ आला तो याच वाटेने.

जालन्याचा अभ्यास करणाऱ्याने नावांचा हा धागा सोडू नये, कारण या शहरात दगडाविटांपेक्षा नावेच अधिक टिकली आहेत.

शहराच्या स्वतःच्या नावापासूनच सुरुवात करावी. ब्रिटिशकालीन गॅझेटियरने नोंदवलेली आख्यायिका अशी : हे गाव रामायणकाळात वसले, सीतेचे येथे वास्तव्य होते, म्हणून त्याचे नाव जनकपूर. पुढे एका धनाढ्य मुसलमान विणकराच्या इच्छेवरून त्याचे नाव बदलले. विणकर म्हणजे ‘जुलाहा’ आणि जुलाहाचे झाले ‘जालना’. आख्यायिका म्हणून ती गोड आहे. व्युत्पत्ती म्हणून मात्र तिच्यावर फारसा भार टाकू नये. ‘जुलाहा’मधला ‘उ’ कोठे गेला आणि शेवटचा ‘ना’ कोठून आला, हे दोन्ही प्रश्न ती टाळते. शिवाय मोगलकालीन फारसी साधनांत आणि मराठी बखरींत हे गाव ‘जालनापूर’ या नावाने भेटते. ‘पूर’ हा प्रत्यय तेव्हाही नावाला चिकटलेला होता. तरीही ही आख्यायिका फेकून देण्याजोगी नाही. गावाने आपल्या जन्माची कथा सांगताना सीता आणि जुलाहा या दोघांनाही तीत जागा दिली, ही गोष्ट व्युत्पत्तीहून मोलाची आहे. एका कष्टकरी कारागिराच्या इच्छेने गावाचे नाव पडले, असे अभिमानाने सांगणारी किती गावे सापडतील?

अशीच एक दंतकथा अबुल फझलची. अकबराच्या दरबारातून हद्दपार झाल्यावर तो जालन्यात राहिला, असे जुनी पुस्तके लिहितात. वस्तुतः अकबराने त्याला १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर धाडले होते. १६०२ मध्ये बादशहाने परत बोलावल्यावर उत्तरेकडे जाताना, शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला ग्वाल्हेरजवळ ठार केले. दरबारात त्याचे शत्रू होते आणि त्याला दूर धाडण्यामागे त्यांचा हात असेलही. पण सेनापतीची नेमणूक ही हद्दपारी नव्हे. जालन्याने मात्र त्याला निर्वासित म्हणूनच लक्षात ठेवले. रुसून आलेला पाहुणा गावाला मोहिमेवरच्या सरदारापेक्षा जवळचा वाटला असावा.

या गावात पाणी कसे आले, तो भाग अधिक भक्कम आहे. निजामशाहीच्या अखेरच्या काळात जमशेदखान नावाचा अधिकारी येथे होता. काळी मशीद, सराई आणि गावाबाहेरचा मोती तलाव ही त्याची कामे मानली जातात. तलावाचे पाणी भूमिगत नळांनी गावात आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडलेले होते. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, जी नहर बांधली तिच्याच कुळातली ही व्यवस्था. पुढे ती बिघडत गेली आणि सराईतला हौद तेवढा बराच काळ चालू राहिला. ज्या गावात हिरवळीला ‘चमन’ म्हणण्याची सवय लागली, त्या गावात पाणी हा मुळात खर्चाचा आणि अभियांत्रिकीचा प्रश्न होता, हे ध्यानात घ्यावे. दख्खनच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात हिरवळ आपोआप राहत नाही. तिला राखावी लागते. आज उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जालनेकराला हे वेगळे सांगायला नको.

पाणी आणि पेठ असली की संपत्ती येते आणि संपत्तीमागोमाग स्वारी. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालनापूर लुटले. येथील व्यापारी सधन होते; ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. फारसी इतिहासकारांनी या प्रसंगी जान महंमद नावाच्या फकिराची कथा जोडली आहे. व्यापारी आपला माल घेऊन त्याच्या आश्रमात दडले, मराठ्यांनी तेथेही हात घातला, फकिराने शाप दिला आणि काही महिन्यांत महाराज निवर्तले, असा तिचा सारांश. एप्रिल १६८० मधील मृत्यू ठाऊक असलेल्या लेखकांनी ही संगती लावली, हे उघड आहे. कारण आणि परिणाम असे नंतरच जोडले जातात. याउलट निर्विवाद गोष्ट अशी की लूट घेऊन परतणाऱ्या फौजेला संगमनेरजवळ मोगलांनी गाठले, त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने पट्टा किल्ल्यापर्यंत नेल्यामुळे महाराज सुखरूप राहिले. पट्ट्याला त्यानंतर ‘विश्रामगड’ हे नाव मिळाले. जालन्याच्या स्वारीने असे दूरच्या एका किल्ल्यालाही नाव दिले. आज मात्र दोन्ही नावे चालतात; गडप्रेमी विश्रामगड म्हणतात आणि पायथ्याचा गावकरी पट्टा म्हणतो.

विजेत्याने दिलेले नाव टिकतेच असे नाही, याचे याहूनही बोलके उदाहरण जालन्याजवळ आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाह आणि मोगल सुभेदार मुबारिजखान यांच्यात आजच्या बुलडाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला. दख्खनमध्ये निजामाचे व्यवहारतः स्वतंत्र राज्य उभे राहिले ते या विजयानंतर. पुढची सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या एका राजवटीची ही जन्मभूमी. साहजिकच निजामाने त्या गावाचे नाव बदलून ‘फतेहखेडा’ ठेवले, म्हणजे विजयाचे खेडे. इतिहासाच्या पुस्तकांत हे नाव सापडते. गावच्या फलकावर आजही साखरखेर्डाच आहे. संस्थान आले, गेले. साखर शिल्लक राहिली.

या लढाईच्या दुसऱ्याच वर्षी, १७२५ मध्ये, त्याच निजामाच्या आज्ञेवरून काबिलखानाने जालन्याच्या पूर्वेस किल्ला बांधला. औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा अधिक निरोगी म्हणून आसफजाहाला हे ठिकाण आवडे, असे कारण दिले जाते. हवा चांगली असेलही. पण नुकतेच युद्ध जिंकून नवे राज्य मांडणारा मुत्सद्दी केवळ हवापालटासाठी बुरूज बांधत नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी. किल्ला चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज, बांधकामाचा काळ सांगणारा फारसी शिलालेख आणि आत दालने व सज्जे असलेली एक विलक्षण विहीर. या बालेकिल्ल्याचे नाव मस्तगड. पुढे येथेच नगरपालिकेची कचेरी बसली.

‘मस्तगड’ हे नाव सावकाश उच्चारून पाहावे. ‘मस्त’ फारसी, ‘गड’ मराठी. शासक आसफजाही, बांधणारा काबिलखान, शिलालेख फारसी. आणि नावाचा शेवट मात्र रायगड-प्रतापगडासारखा. आजच्या मराठीत ‘मस्त’चा अर्थ ‘छान’ असा झाला असल्यामुळे शाळकरी मुलांना हे नाव गमतीचे वाटते. फारसीत ‘मस्त’ म्हणजे धुंद, मदोन्मत्त. माजावर आलेल्या हत्तीलाही तोच शब्द. एकाच नावात दोन भाषा निर्धास्तपणे नांदत होत्या आणि त्यांना कोणी ओळखपत्र मागत नव्हते. गावाच्या तटाला वेशी होत्या, त्यांचेही असेच. मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा या दोन वेशी तट ढासळल्यावरही उभ्या राहिल्या. सरकारी नोंदीत त्यांना ‘दरवाजा’ म्हटले. लोकांच्या तोंडी ‘मूर्तीवेस’ आहे. पाणीवेस हे नाव तर पूर्णतः मराठी. आणि कुंडलिकेच्या पलीकडच्या तीरावरची वस्ती कादराबाद. ‘कादिर’ म्हणजे सर्वसमर्थ. हे परमेश्वराच्या नावांपैकी एक, आणि मागे ‘आबाद’.

इंग्रज आले ते १८०३ मध्ये, लढाईच्या निमित्ताने. जालना तेव्हा शिंद्यांच्या ताब्यात होते. कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबरला ते घेतले. २१ सप्टेंबरला त्याची आणि आर्थर वेलस्लीची बदनापूरला भेट झाली, दोघांनी दोन वाटांनी पुढे जायचे ठरवले आणि २३ तारखेला असईला वेलस्ली एकटाच शिंदे-भोसल्यांच्या सैन्यासमोर जाऊन ठाकला. तोच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला; परंतु आपली सर्वोत्तम लढाई म्हणून त्याने असईचे नाव घेतले. जालना जिल्ह्यातल्या या लहानशा खेड्याचे नाव ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर हत्तीच्या चित्रासह चढले आणि बंगळुरूच्या छावणी भागात ‘असाये रोड’ आजही आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना भोकरदन-जाफराबादकडची ती काळी शेते ठाऊक असतील?

लढाईनंतरच्या तहांनी आणि तैनाती फौजेने जालन्याजवळ छावणी आणली. छावणीसोबत ‘सदर बाजार’ हा शब्द आला. हिंदुस्थानातल्या बहुतेक लष्करी छावण्यांत मुख्य बाजाराला हेच नाव असे. पलटणी कधीच्या गेल्या. सदर बाजार हे पोलीस ठाण्याचे नाव होऊन राहिले. त्याच काळाच्या पुढच्या टप्प्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रेव्हरंड नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या धर्मोपदेशकाने सालारजंगाकडून जमीन मिळवून जालन्याजवळ एक वसाहत उभारली आणि तिला ‘बेथेल’ असे हिब्रू नाव दिले. अर्थ, देवाचे घर. संस्कृत, फारसी, मराठी, इंग्रजी आणि हिब्रू इतक्या भाषांतली नावे कुंडलिकेच्या काठी काही मैलांच्या परिसरात जमली. मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आला आणि या गर्दीत ‘स्टेशन’ची भर पडली.

आता ‘गांधी’.

हे नाव चौकाला लागण्यासाठी काय काय व्हावे लागले, ते आजच्या विशीतल्या वाचकाला चटकन जाणवणार नाही. प्रत्येक गावात महात्मा गांधी मार्ग असतो, तसा येथेही, असे वाटून जाते. पण जालना ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. हैदराबाद संस्थानात १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली. त्या वर्षी ऑक्टोबरात सुरू झालेला सत्याग्रह गांधीजींच्या सल्ल्यानेच डिसेंबरात स्थगित झाला. याच सुमारास वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढण्यात आले. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. वय वर्षे सतरा-अठरा आणि हातात निलंबनाचा कागद! १५ ऑगस्ट १९४७ रोजी उर्वरित देशात रोषणाई चालू असताना हैदराबादेत तिरंगा फडकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, तेव्हाही जालना निजामाच्याच राज्यात होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. औरंगाबाद पडल्यावर १५ तारखेस गुरखा पलटणीची एक तुकडी जालना ताब्यात घेण्यासाठी ठेवून उरलेले सैन्य लातूरच्या दिशेने गेले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तिरंगा किंवा गांधीजींचे नाव भर रस्त्यावर निर्भयपणे मिरवणे जालन्यात शक्य झाले ते या चार-पाच दिवसांनंतर. ‘गांधी चमन’मधला पहिला शब्द अशा रीतीने या शहरातल्या स्वातंत्र्याचे वयही सांगतो. ते वय देशाच्या स्वातंत्र्याहून तेरा महिन्यांनी कमी आहे.

परंतु येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्यात घरोघरी सांगितल्या जातात आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मात्र सूडाचे दुसरे पर्व घडले आणि त्यात सामान्य मुसलमान भरडले गेले; ते फारसे सांगितले जात नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्यांच्या पाठोपाठच्या जिल्ह्यांत औरंगाबादचे नाव होते आणि जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. सूडाचा निषेध करताना ज्याने प्राण गमावले त्या माणसाचे नाव, त्याच्या हत्येनंतर वर्षही उलटले नव्हते अशा काळात जखमी झालेल्या या प्रदेशात, एका फारसी शब्दाशेजारी बसले. ‘चमन’ काढून ‘गांधी उद्यान’ करणे काही अवघड नव्हते. विजयाच्या भरात ते सहज खपूनही गेले असते. तसे झाले नाही. हा कोणा एकाचा विचारपूर्वक निर्णय असेल, किंवा जिभेची जुनी सवय. सवय असेल तर ती अधिक शहाणी म्हणावी लागेल.

याच शहरात मामा चौक आहे. तो हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांच्या स्मरणार्थ. आडनाव गळाले, ‘हुतात्मा’ ही पदवी गळाली, ‘जनार्दन’ही गळाले, उरले ते ‘मामा’. स्मारक समित्यांना याचे वाईट वाटू शकेल. पण आईच्या भावाला देतात ती हाक सबंध शहराने एका माणसासाठी राखून ठेवावी, याहून मोठा सन्मान कोणता शासकीय ठराव देणार? अडचण इतकीच की नव्या पिढीला ‘मामा’ म्हणजे कोणाचे मामा हे सांगणारे कोणी लागते. लोकांच्या जिभेवर नाव जितके गुळगुळीत होते, तितका त्यामागचा माणूस झिजतो.

मराठवाड्याला नावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले. त्याला ‘नामांतर’ न म्हणता ‘नामविस्तार’ म्हटले गेले. ती तडजोड अपुरी वाटणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे; एवढे रक्त सांडल्यावर एका शब्दाची घासाघीस करणे क्लेशकारकच. तरीही ‘नामविस्तार’ हा शब्द म्हणून चांगला आहे. गांधी चमनबाबत घडले ते हेच, कोणताही आवाज न होता. जुन्या नावाला न हलवता त्याच्या आधी एक शब्द आला.

सगळीच जुनी नावे राखावीत असा याचा अर्थ नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो योग्यच होता. ज्या नावाने रोज पत्ता सांगताना माणसाची मान खाली जाते, ते नाव ‘ऐतिहासिक’ आहे म्हणून त्याच्या गळ्यात ठेवणे हा इतिहासाचा आदर नव्हे. प्रत्येक नावाला निरनिराळा प्रश्न विचारावा लागतो : हे कोणी दिले, कोण वापरते आणि ते उच्चारताना कोणाला दुखते? ‘चमन’ उच्चारताना कोणाला दुखण्याचे कारण नाही. मराठीतले फारसी शब्द वेगळे काढण्याचा पहिला संघटित प्रयत्न शिवकालात ‘राज्यव्यवहारकोशा’ने केला आणि त्याला स्वराज्याच्या कारभाराचे सबळ कारण होते. त्या कोशाने सुचवलेले काही शब्द रुजले, बरेच कागदावरच राहिले. आजही मराठी माणूस ‘जमीन’ ‘खरेदी’ करून तिचा ‘दस्त’ नोंदवतो आणि त्याला आपण फारसी बोलतो आहोत असे वाटत नाही.

आणखी मागे गेले तर याच जिल्ह्यातले भोकरदन दिसते. सातवाहनकाळात त्याचे नाव भोगवर्धन होते. दूर सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांनी कोरून घेतलेल्या लेखांत भोगवर्धनचे रहिवासी आढळतात. उत्खननात येथे हस्तिदंताची एक स्त्री-प्रतिमा मिळाली. तिचे साम्य थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी दिसले. भोगवर्धनचे भोकरदन कोणत्याही शासनाने केले नाही. दोन हजार वर्षे शेतकरी, वाणी आणि बैलगाडीवाले ते नाव तोंडातून फिरवत राहिले आणि त्याचे कोपरे घासले गेले.

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. २०२३ मध्ये शहराला महानगरपालिका मिळाली. नवी संस्था आली की नवे ठराव येतात, नवे प्रभाग येतात आणि नव्या कमानींसाठी नावे शोधली जातात. पोलाद आणि बियाणे यांच्या उद्योगाने वाढलेल्या या शहराच्या नव्या वसाहतींना नावे लागणारच, ती ठेवावीत. जुन्या भागात हात घालण्यापूर्वी मात्र ठराव मांडणाऱ्याने जुन्या जालन्यातल्या पोलीस ठाण्यावरून एक फेरी मारून यावी. त्या ठाण्याचे नाव ‘कदीम जालना’. ‘कदीम’ म्हणजे पुरातन. शब्द अरबी, फारसी-उर्दूतून आलेला. निजामाचे राज्य जाऊन पाऊण शतक लोटले, फलक देवनागरीत आला, आतली नोंदवही मराठीत आली. चोरीची फिर्याद द्यायला आलेल्या म्हातारीला ‘कदीम’चा अर्थ विचारला तर ती बहुधा सांगेल, की ते ठाण्याचे नाव आहे.